विठूच्या वाट्याचा डोंगर

लाटंबार्से, ता. डिचोली
८ फेब्रुवारी २०२३

श्रीमती प्राजक्ता विठ्ठल गावस यांस,

हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. सही करून घ्यावे, परत पाठवू नये. तुझा जुना फोन लागत नाही. मधुकरने दोन-तीनदा लावून पाहिला. मणेरीच्या अंगणवाडीत तू सेविका आहेस एवढं ऐकून होते, त्या अंदाजाने पत्ता घातला आहे.

आई आधीच गेली, बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. विठू गेल्या ऑक्टोबरात गेला. ते तुला कळलं असेलच.

आता बाबांच्या नावावर जे आहे त्याची वाटणी करायची आहे. राहतं घर, ओहोळाकडचं शेत, घरामागचे माड आणि काजूचा डोंगर. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून डिचोलीच्या कोर्टात इन्व्हेंटरीचा दावा घातला आहे. कोर्टाच्या कामापुरता मधुकर कुटुंबप्रमुख. हक्कदार आम्ही तीन भावंडं. विठू नसला तरी त्याच्या वाट्यात तुझं नाव येतं, कारण आमच्या गोव्यात लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी होते आणि तुमचं लग्न डिचोलीला नोंदवलेलं आहे. तू माहेरी जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण ते लग्न कोणी मोडलं नाही. तुझ्या सहीशिवाय एक पान पुढे सरकणार नाही, असं रुद्रेश वकील म्हणतात.

सोबत हक्क सोडल्याचा मसुदा आहे. तू होय म्हटलंस की मधुकर गाडी पाठवील, डिचोलीला येऊन सही करायची आणि परत जायचं. तुझा खर्च आणि वर काही योग्य ते आम्ही देऊ. या घराशी तुला संबंध ठेवायचा नाही हे तू जाऊन दाखवलंच आहेस, त्यामुळे अडचण येऊ नये.

सुमंगला

पत्र कोरडं वाटेल. सोसायटीत खतांची पत्रं लिहून हाताला तीच सवय लागली आहे. आणि तुझ्या नावामागे श्रीमती लिहायला फार वेळ लागला.

लाटंबार्से
२ मार्च २०२३

प्राजक्ता,

तुझं कार्ड पोचलं. दोन ओळी: "कागद परत पाठवते आहे. सही करायची की नाही ते डोंगर बघून सांगेन."

मी ते जेवताना वाचून दाखवलं. मधुकर भाताचा घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "डोंगर काय नवरी आसा, बघूक येवंक?" सुविधा हसली, मग त्याचं तोंड बघून आमटी वाढायला लागली. मधुकरची बायको तू या घरात असताना होती तशीच आहे, फक्त गुडघे गेले.

"इतक्या वर्सांत एकदा तरी पाय ठेवल्यान ह्या घरात?" मधुकर मला विचारत होता, जसं काही मीच तू. "बाबांच्या येळेक नाय, विठूच्या येळेक नाय. आता डोंगर बघूचो आसा."

मी म्हटलं, "तिका कळवलां खय होतां आपण?"

"मी फोन लावलंय. लागलो नाय तर काय करू? दवंडी पिटू?"

इथे एक गोष्ट मला लिहायला हवी. मधुकरने ती लिहू नको म्हणून सांगितलेलं नाही, पण लिही म्हणूनही सांगितलेलं नाही. डोंगराला गिऱ्हाईक आहे. बाहेरची पार्टी आहे, मोपाचा विमानतळ झाल्यापासून असे लोक पेडण्यातून सरकत सरकत आमच्या बाजूला यायला लागले आहेत. त्यांना वरून तिळारीचा कालवा आणि पलीकडची झाडी दिसते, तिथे बंगले बांधायचे आहेत. खालचा रस्त्याकडचा तुकडा आणि वरचा उतार, दोन्ही सर्व्हे नंबर त्यांना एकदम पाहिजेत. वाटणी झाली की विक्री.

मधुकरला दोष देऊ नकोस. त्याचा मुलगा गौरेश इंजिनीअर होऊन घरात बसला आहे, त्याला बाहेर पाठवायचं आहे. शेवटची वर्षं बाबा अंथरुणात होते. त्यांना उचलणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मधुकर आणि सुविधाने केलं. मी नोकरीवर असायचे. विठूचा टिप्पर ट्रक खाण बंद झाल्यापासून अंगणात उभा होता आणि विठू त्या टिप्परसारखाच. तर जो राबला त्याला काही मिळावं, असं त्याचं म्हणणं आहे. मला ते खोटं वाटत नाही.

ये आणि बघून जा. तुला कोणी अडवणार नाही. काजूचे दिवस आहेत, सकाळी लवकर आलीस तर ऊन लागणार नाही.

सुमंगला

लाटंबार्से
२७ मार्च २०२३

प्राजक्ता,

तू गेलीस त्या दिवशीच लिहायला बसले होते, पण सुविधा खोलीत येऊन बसली. तिला तुझ्याविषयी विचारायचं होतं. केस पिकले का, साडी कसली नेसली होती, डोंगरावर रडली का. मी म्हटलं, रडली नाही, काजूचे बोंडू गोळा केले. ते तिला पटलं नाही.

मला वाटलं होतं, तू खालून नजर टाकशील आणि जाशील. तू चप्पल हातात घेऊन सरळ वर गेलीस. मी मागे काठी टेकत. वरच्या उताराला पोचेपर्यंत तुझा चार-पाच झाडांच्या बुंध्याला हात लावून झाला होता. तुझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात विठूने आणि तू वेंगुर्ल्याहून कलमं आणून लावली होती, एवढं मला आठवत होतं. पण आमच्या घरात ती "विठूची कलमं" म्हणूनच ओळखली जातात. तू म्हणालीस, "खड्डे मी मारलंय आका, पाणी तेणी घातल्यान," आणि जांभा दगड पहारीने फोडताना अंगठ्याचं नख गेलं होतं ते मला दाखवलंस. ते नख अजून वाकडंच आहे.

मग मी म्हटलं, विठूला शेवटी शेवटी हा चढ जमत नव्हता. तू म्हणालीस, "होय, माझ्याकडे येतानापण तेका धाप लागे."

मला कळेना. मी विचारलं, "कोणाक?"

"कोणाक म्हणजे? तुमच्या भावाक. दर बुधवारी येय होतो. जेवून, घटकाभर पडान, परत जाय होतो."

तू हे इतकं साधेपणाने सांगितलंस, की मला माहीत आहे असंच तू धरून चालली होतीस. मला माहीत नव्हतं, प्राजक्ता. घरात कोणालाच नव्हतं. बुधवारी विठू डिचोलीच्या बाजाराला म्हणून जायचा. हिवाळ्यात तांबडी भाजी आणायचा, पावसात दोडकी, भेंडी. आई म्हणायची, ह्याला भाजी बघून घेता येते, तेवढा एक गुण आहे. आम्ही सगळे ती भाजी खात होतो. मी तर त्याला एकदा म्हटलं होतं की कोणत्या बाईकडून घेतोस, तिच्याकडूनच घेत जा.

तुझ्याकडे येऊन का राहिला नाही, असं मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "घरजावय म्हणतले म्हणान. आणि घरात सांगल्यान असता तर आई इचारतली होती, मगे तां हय कशाक येणा नाय. तेका दोन्हीकडे उत्तर नव्हता. म्हणान तो बुधवार करी."

त्याच्या शेवटच्या आठवड्याचं मी तुला विचारलं नाही. तूच सांगितलंस. तो सोमवारी गेला. बुधवारी तू बांगड्याचं तिखलं करून वाट बघितलीस, संध्याकाळी झाकून ठेवलंस. गुरुवारी दोडामार्गच्या बसचा कंडक्टर तुला म्हणाला, लाटंबार्शातला टिप्परवाला गावस गेला ना. तू त्या बसमधून मध्येच उतरलीस, की तशीच अंगणवाडीत गेलीस, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. सुविधाला सांगावं असं फार वाटलं. पण ती मधुकरला सांगेल, आणि मधुकरला ते कोणत्या बाजूने लागेल याचा मला अंदाज नाही.

तू सही करणार नाहीस, एवढं तू जाताना म्हणालीस. मी ते तुझ्याच शब्दांत त्याला सांगितलं: "वरचो उतार माका व्हयो. बाकी काय नको." तो उठून माडांना पाणी सोडायला गेला. पाणी सकाळीच सोडून झालं होतं.

आका

लाटंबार्से
१९ जून २०२३

प्राजक्ता,

कोर्टाची तारीख पुढे गेली. वकील म्हणतात अशा दाव्यात तारखाच जास्त असतात.

इथलं सांगते. मधुकरने काल माझ्यापुढे कागद ठेवला. तुझ्यासाठी होता तसाच, फक्त नाव माझं. मी खोलीत जनेलातून येणाऱ्या उजेडात कदेल ओढून बसून मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "आका, तुझी तेवढी करून टाक. मग निदान आपल्या दोघांचा एका बाजूक जातला."

माझी सही कोणी कधी विचारलीच नव्हती. वकिलाकडे पहिल्या दिवशी गेलो तेव्हाही "आका तर सोडणारच" असं धरूनच सगळं बोलणं झालं. मीसुद्धा तसंच धरलं होतं. मला लग्न नाही, मूल नाही, पेन्शन थोडी आहे, एक खोली आहे. मला डोंगर घेऊन काय करायचं? तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की एकच बाई या घराची वाट अडवून बसली आहे, आणि ती तू.

मी त्याला म्हटलं, "ठेव थंय. वाचतंय."

"वाचूचा काय तेच्यात? तूच तर मसुदो लिवलंस."

ते खरं आहे. मसुदा मीच लिहिला होता. दुसऱ्याच्या नावाने लिहिताना तो सोपा वाटला होता. माझ्या नावाने वाचताना "कोणताही हक्क, हितसंबंध वा मागणी उरलेली नाही" या ओळीपाशी मी थांबले, आणि मग पुढे जाता येईना. माझा काहीच हितसंबंध नाही, असं मीच माझ्या हाताने लिहिलेलं.

मी म्हटलं, "मधू, मी सही केली, घर तुझ्या नावावर झाला, तर ही खोली माझी कशी?"

तो इतका दुखावला की मला बघवेना. "म्हणजे मी तुका भायर काढतलंय? माझ्यार इतकोच विश्वास?"

"तुझ्यार आसा. तुझ्या मागसून कोण येतलो, तो माका कसो कळतलो?"

गौरेश पलीकडे मोबाइलवर होता. त्याने ऐकलं. त्या मुलाने माझ्याशी कधी वाकडा शब्द केलेला नाही, आणि मी त्याच्याविषयी असं बोलले. रात्री तो माझ्यासाठी भाकरीचं ताट घेऊन खोलीत आला, ठेवलं आणि गेला. पूर्वी तो बसायचा.

कागद मशीनच्या खणात आहे. सही केलेली नाही.

आका

मणेरी, ता. दोडामार्ग
४ जुलै २०२३

आका,

तुमचं पत्र वाचलं. पटकन लिहिते आहे, पोरांच्या खिचडीची वेळ झाली.

माझ्यासाठी तुम्ही घरात वैर घेऊ नका. मी परकी आहे, मला त्याची सवय आहे. तुम्हाला नाही. मधुदादा वाईट माणूस नाही. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा दोडामार्गच्या दवाखान्यात रात्रभर बाकावर तेच बसले होते. विठूला तिथे बसवत नव्हतं. तिथून मी माहेरी आले, ती परत गेलेच नाही.

मला डोंगर कशाला हवा म्हणून वकील विचारत होते. विकायला नको, बांधायला नको. झाडं माझ्या हातची आहेत, ती चांगली लागली आहेत, कोणीतरी त्यांची छाटणी करायला हवी. यंदा पाहिलं तर आत सुकी लाकडं तशीच होती. एवढंच कारण आहे. कोर्टात हे कारण चालेल की नाही माहीत नाही.

तुम्हाला तुमचा वाटा घ्यायचा असेल तर तुमच्यासाठी घ्या. माझ्यासाठी घेऊ नका.

इकडे पाऊस चांगला आहे. दोडकी झाली आहेत, पण पाठवायची कोणाबरोबर?

प्राजक्ता

लाटंबार्से
१० ऑक्टोबर २०२४

प्राजक्ता,

मंगळवारी कोर्टातून तू लगेच बस पकडायला गेलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. आणि तू मागच्या बाकावर होतीस, आमची तोंडं तुला नीट दिसली नसतील. म्हणून सगळंच लिहिते.

एकमेकांत मिटवा म्हणून न्यायाधीशबाईंनी किती तारखा दिल्या. मिटलं नाही तेव्हा वारसांमध्येच बोली लागली. हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे: एकेक मालमत्ता पुकारायची, जो वारस जास्त बोलेल त्याला ती, आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचा मोबदला. मला वाटायचं बोली म्हणजे मासळी-बाजारात असते तशी असेल. तिथे तर पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

घर पुकारलं. मधुकर बोलला, दुसरं कोणी बोललं नाही. मी मागे वळले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, बोला म्हणून. मी बोलले नाही. त्या घरात त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं मला जमलं नसतं. शेत त्याला गेलं. माड त्याला गेले. रस्त्याकडचा डोंगर त्याला गेला. मग वरचा उतार.

मधुकर बोलला. तू त्याच्यावर बोललीस. तो पुन्हा. तू पुन्हा. तिसऱ्या वेळी तुझ्या वकिलाने तुझ्या कानाशी काही सांगितलं आणि तू मान हलवलीस, तेव्हा मला समजलं की तुझ्या वाट्यात जेवढं बसतं तेवढं संपलं. पार्टीचा माणूस बाहेर व्हरांड्यात उभा होता, मधुकरला पाठबळ होतं. बाईंनी विचारलं, आणखी कोणी? आणि माझ्या तोंडातून आकडा निघाला.

मी ठरवून गेले होते असं तुला वाटत असेल. गेले नव्हते. माझ्या पिशवीत तो सही न केलेला कागद होता, मी तो त्या दिवशी मधुकरला द्यायचाच, असं ठरवून गेले होते. दीड वर्ष घरात ताटावर कोणी बोलत नव्हतं, ते मला संपवायचं होतं.

रुद्रेश वकील म्हणाले, "आका, तुम्हाला कळतंय ना काय बोलता?" मी म्हटलं, हो, तो आकडा माझ्या वाट्यात बसतो, मी मघाशीच मनात हिशेब केला. सोसायटीत दुसरं केलं काय.

मधुकरने माझ्याकडे मान वळवली. मी समोर भिंतीकडे बघत होते. त्याने आणखी बोलायला हवं होतं, तो बोलू शकत होता. बाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तो म्हणाला, "नाय." मराठीत नाही, कोंकणीत नाही, आपलं घरातलं नाय. बाईंनी लिहून घेतलं.

येताना गाडीत तो, मी आणि सुविधा. म्हावळिंगेच्या चढावर त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं आता ओरडणार. तो म्हणाला, "पार्टी आता अर्ध्या भावान मागतली. वरचो नाय तर तेंका खालच्यात मजा नाय."

मी म्हटलं, "मगे बोललंस कित्या नाय?"

"तुझ्या आकड्यार आकडो? लहानपणी शाळेत माका तूच पावडर लावन सोडी. जीभ वळली नाय." आणि गाडी चालू करून म्हणाला, "पण आता माझ्याकडे बोला नको, आका. थोडे दिवस तरी नको. माका गौरेशाक काय सांगूचा ता माका बघूंदे."

सुविधा मागच्या सीटवर माझ्याशेजारी रडत होती. मी तेव्हा तिला विठूच्या बुधवारचं सांगितलं. का तेव्हा, मला माहीत नाही. गाडी चालू होती, मधुकरनेही ऐकलं. त्याने आरशात एकदा माझ्याकडे पाहिलं. घरी पोचल्यावर तो विठूच्या टिप्परपाशी गेला, बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग गौरेशला हाक मारून म्हणाला, भंगारवाल्याला नको सांगू अजून.

मी खोलीत आहे. कोणी जा म्हणालेलं नाही. ताट वेळेवर येतं. पण ताट खोलीत येतं, प्राजक्ता, मला स्वयंपाकघरात कोणी बोलावत नाही, आणि मी आपणहून गेले की सुविधा उगाच चुलीपाशी वाकते.

काजूच्या दिवसांत मला तुझ्याकडे राहता येईल का? डोंगराची वाट तुझ्याकडूनही तेवढीच आहे. छाटणीला माणसं बघायला लागतील. मला झाडातलं कळत नाही, पण हजेरी मांडता येते.

आका

मणेरी, ता. दोडामार्ग
११ ऑगस्ट २०२५

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. सुविधा उचलते, पण तिच्याशी बोलताना ती परसात जाऊन हळू बोलते, ते मला आवडत नाही. तिला चोरून बोलायला लावू नको.

गौरेश कतारला पोचला आणि कामाला लागला, ते तिने सांगितलं. खालच्या तुकड्याला शेवटी दुसरं गिऱ्हाईक मिळालं, तेही सांगितलं. आम्ही पाहिलंच, तिथे जांभ्याचं कुंपण घालायला सुरुवात झाली आहे. वर जाणारी पायवाट आमच्यासाठी मोकळी राहील, असं तू विक्रीच्या कागदात लिहून घेतलंस, हे मुकादमाने मला दाखवलं. मी तुला ते सांगितलं नव्हतं, वकिलानेही सांगितलं नव्हतं. तू आपणहून लिहून घेतलंस. प्राजक्ताला मी ते दोनदा वाचून दाखवलं.

इथे माझं बरं चाललं आहे. मे महिन्यापर्यंत राहायचं म्हणून आले, राहूनच गेले. प्राजक्ता सकाळी अंगणवाडीत जाते, मी घरातलं बघते. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींना फार जपून बोलायचो. आता परवा मीठ जास्त पडलं म्हणून ती माझ्यावर चिडली, तेव्हा मला हायसं वाटलं. यंदा झाडांनी उशिरा धरलं, पण धरलं. भट्टीसाठी बोंडू आम्ही लाटंबार्शातच दिले, बाबलीच्या भट्टीवर. त्याने तुझ्याकडे पहिल्या धारेचा हुर्राक पोचवला असेल. तू तो परत पाठवला नाहीस, एवढं कळलं.

विठूबद्दल तू कधी काही विचारलं नाहीस. विचारायचं असेल तर मला नको, तिला विचार. ती सांगते. तुझी आठवणही काढते, त्या दवाखान्यातल्या रात्रीची. ती मला त्याआधी ठाऊक नव्हती. आपल्या घरात कोणी कोणासाठी काय केलं ते सगळं असंच बाहेरून कळतं.

आता कामाचं. चवथ सत्तावीस तारखेला आहे. वाटणीत वकिलाने घर लिहिलं, शेत लिहिलं, माड लिहिले, बाबांची मोडकी स्कूटरसुद्धा लिहिली. गणपती लिहिला नाही. मी ती सगळी पानं परत काढून बघितली, कुठेच नाही. म्हणजे तो अजून तिघांचा आहे. मी, तू आणि विठू, आणि विठूच्या वाट्यात कोण येतं ते कोर्टाने सांगितलंच आहे.

तेव्हा आम्ही दोघी येणार. आमंत्रण पाठवू नको, ते परक्यांना पाठवतात. नको म्हणायचं असेल तर तसं लिही, मी वाचीन, पण आम्ही येऊ. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान यंदा आमच्याकडे. कांगलां, माट्टीचे कात्रे, रानातली जी फळं लागतात ती सगळी वरच्या उतारावर आहेत आणि तुला दुसरीकडे विकत घ्यावी लागतील. सुविधाला सांग, नेवऱ्यांचं सारण करून ठेवू नको, तिच्या गुडघ्यांना इतका वेळ उभं राहणं झेपत नाही. मी येऊन करते. प्राजक्ताने आपल्या गणपतीपुढे शेवटचं बसून जेवण केलं त्याला किती वर्षं झाली ते तूच मोज.

आदल्या दिवशी सकाळच्या बसने येतो. स्टॉपपासून घरापर्यंत चढ आहे, आंबाड्यांची पिशवी जड होणार आणि आम्हा दोघींचंही वय झालं. दारात उभं राहायला तुला जड जात असेल तर राहू नको. पिशवी घ्यायला तेवढा स्टॉपवर ये.

तुझी
आका